बाहेरून कडी

तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी फोडणीत मिरची जळली आणि सबंध इमारत रस्त्यावर आली. टंकनाथ सिवाकोटी तेव्हा कारखान्यातून परतत होता. कोपऱ्यावर गाडी वळवताना त्याला बंबाचे लाल दिवे दिसले आणि आधी, खरं सांगायचं तर, हसूच आलं. अमेरिकेतल्या ॲक्रन गावच्या त्या गल्लीत हे नेहमीचंच होतं. अर्ध्याहून जास्त घरं आपल्याच नेपाळी बोलणाऱ्या माणसांची, दाहाल, लामिछाने, लुइंटेल. तेलात सुकी मिरची पडली की छताचं यंत्र बोंब मारणार आणि बंबवाले धावत येणार. बर्फात सगळे सपाता घालून उभे होते. म्हाताऱ्यांच्या डोक्यावर टोप्या आणि अंगात झोपायचे कपडे, कुणाच्या काखेत देव, कुणाच्या काखेत कुकर. तळमजल्यावरचे लीलांबरकाका एका बंबवाल्याला हातवारे करून समजावत होते की आमच्यात मिरचीशिवाय घास उतरत नाही. टंकनाथनं सवयीनं त्या गर्दीत आपल्या आईची, आमाची हिरवी शाल शोधली. ती दिसली नाही, आणि लीलांबरकाकांनी त्याच्याकडे बघून विचारलं, आमा कुठाय रे? तेव्हा त्याचा हात आपोआप कोटाच्या खिशाकडे गेला. किल्ली खिशातच होती.

जिन्यात एका बंबवाल्यानं त्याला अडवलं. नुसता धूर आहे, आग नाही, पाच मिनिटं थांब, म्हणाला. माझी आई आत आहे, टंकनाथ म्हणाला, आणि तो माणूस त्याच्याबरोबर वर आला. दाराशी आल्यावर त्या माणसाला कडी दिसली. बाहेरून ठोकलेली, पितळी, तिला वीतभर साखळी आणि कुलूप. त्यानं कुलपाकडे पाहिलं, टंकनाथकडे पाहिलं, आणि किल्ली भोकात जाईना म्हणून हातातल्या बॅटरीचा उजेड धरला. तो रागावून काही बोलला असता तर बरं झालं असतं, असं टंकनाथला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं. आत यंत्र कानठळ्या बसवत होतं. आमा पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि शालीचा पदर तिनं तोंडात कोंबला होता. तो ओढून काढला तेव्हा ती हळूच म्हणाली, मी आवाज नाही केला. एकदाही नाही.

कडी त्यानंच ठोकली होती. तुलसा, त्याची बायको, दुपारी दोनला हॉटेलच्या खोल्या साफ करायला निघायची आणि तो पाळी करून साडेतीनला घरी यायचा. मधला दीड तास हा त्यांच्या संसारातला भोक पडलेला भाग होता. पोरगी शाळेत, भाऊ लांब, शेजारी आपापल्या पाळ्यांवर. सुरुवातीला आमा त्या दीड तासात नुसती झोपायची. मग एकदा ती अनवाणी चालत पेट्रोल पंपापर्यंत गेली आणि तिथल्या पोराला, गाई सुटल्यात, बघितल्यास का, असं विचारत राहिली. मग एकदा गॅसवर पातेलं ठेवून विसरली. मग कडी आली. ठोकताना दोन खिळे वाकडे गेले, पण आठवड्याभरात त्याला कुलूप लावणं हे बूट घालण्याइतकं साधं झालं. माणसाला कशाचीही सवय होते हे त्याला नेपाळातल्या निर्वासितांच्या छावणीतच कळलं होतं. तिथं अठरा वर्षं बांबूच्या भिंतीतून शेजाऱ्याचं भांडण, शेजाऱ्याचं खोकणं, शेजाऱ्याची पहिली रात्र ऐकत सगळे राहिलेच होते. फक्त तिथं दाराला कडी नव्हती, कारण दारच नव्हतं, गोणपाट होता.

बंबवाल्यानं वर कळवलं. कळवणारच. चार दिवसांनी सरकारी खात्यातून एक बाई आली, खुर्चीच्या कडेवर बसली, चहा नको म्हणाली आणि मग घेतला. कडी पुन्हा लागता कामा नये, इतकंच तिनं सरळ सांगितलं, बाकी सगळं गोड बोलली. ती गेल्यावर नॉर्वेतून थोरल्या भावाचा फोन आला आणि टेक्सासातून मधल्याचा. बातमी काही तासांत समुद्र ओलांडून गेली होती. दोघांनी उंटावरून शेळ्या हाकल्या. आईला कोंडतोस? तुला लाज नाही? आणि म्हाताऱ्यांच्या होममध्ये टाकायचा विचार तर मनातही आणू नकोस, लोक तोंडात शेण घालतील. मग तुम्ही न्या, टंकनाथ म्हणाला. त्यावर थोरला शांतपणे बोलला, अरे, पण तू कान्छा. धाकट्यानं आईबाप सांभाळायचे हे काही कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण संत्र्याच्या बागेतलं घर धाकट्याला मिळतं आणि घराबरोबर म्हातारी माणसं मिळतात, असा तो हिशेब. बाग गेली, घर गेलं, देश गेला. हिशेबातला उरलेला भाग तेवढा टंकनाथकडे आला होता.

आमाला काय झालंय याला आपल्या भाषेत धड शब्द नव्हता. गल्लीतले लोक म्हणत, वय झालं, साठी बुद्धी नाठी. लीलांबरकाकांचं म्हणणं होतं की हे सगळं इथल्या थंड पाण्यानं होतं. दवाखान्यात परीक्षा घेतली तेव्हा फोनवर दुभाष्या होता, काठमांडूचा, अगदी बातम्या वाचतात तशी शुद्ध भाषा बोलणारा. आता कोणता ऋतू आहे, त्यानं विचारलं. संत्री उतरवायचा, आमा म्हणाली. बाहेर डिसेंबर होता, उत्तर बरोबर होतं, पण दुभाष्यानं डॉक्टरला सांगितलं की त्या फळांबद्दल काहीतरी बोलताहेत. टंकनाथ मध्ये पडला नाही. प्रत्येक प्रश्नाला आमा फोनच्या डबीकडे बघून हजूर, हजूर म्हणत होती, आणि त्याला इतकंच वाटत होतं की हे लवकर संपावं. डॉक्टरनं एका इंग्रजी शब्दात निकाल दिला. तो शब्द तुलसाला सांगताना त्यानं नुसतं डोक्याजवळ बोट फिरवलं, आणि तुलसानं त्याचा हात धरून खाली केला.

तुलसानं तक्रार अशी कधी केलीच नाही. तोच तिचा सगळ्यात मोठा दोष होता, निदान टंकनाथच्या दृष्टीनं, कारण भांडली असती तर त्याला भांडता आलं असतं. आमा तिला चोर म्हणायची, रांड म्हणायची, पुढ्यातलं ताट ढकलायची, तू कुठल्या जातीची, तुझ्या हातचा भात मी खाणार नाही म्हणायची. तुलसा ताट उचलायची, पाच मिनिटांनी तोच भात दुसऱ्या ताटात घालून आणायची आणि म्हणायची, हा घ्या, मावशीनं पाठवलाय. मावशीचा भात आमा खायची. रात्री चारचारदा उठवायची. एकदा कामावरून येताना तुलसाला सिग्नलवर डुलकी लागली आणि गाडी फुटपाथवर चढली. कुणाला लागलं नाही. घरी येऊन तिनं ते सांगितलं आणि भाजी चिरायला घेतली. त्याच आठवड्यात त्या गोड बोलणाऱ्या बाईनं एका होमचं नाव सुचवलं. तिथं म्हणे विसरणाऱ्या माणसांसाठी वेगळा मजला होता आणि बाहेरून आलेल्या लोकांसाठी खास काही नवीन सुरू केलं होतं. टंकनाथनं तुलसाला विचारलं, काय करू? ती म्हणाली, "मी तिकडे ठेव म्हणणार नाही आणि घरी ठेव म्हणणार नाही. तिकडे ठेव म्हटलं तर मी वाईट सून, घरी ठेव म्हटलं तर मी मरेन. तुझी आई आहे, तूच काय ते ठरव."

महिनाभर ठेवून बघू, असं ठरलं. होम तळ्याकाठी होतं, दुमजली, आतून लोण्याच्या रंगाचं. वरच्या मजल्याची मुख्य डोरीन नावाची बाई होती, पन्नाशी उलटलेली, गुडघ्यानं अधू, कुणाशीही बोलताना खाली बसून त्याच्या डोळ्यांच्या पातळीला येणारी. टंकनाथला ती पहिल्या भेटीतच आवडली, आणि त्यामुळे पुढचं सगळं जास्त कठीण झालं. तिनं खूप कष्ट घेतले होते. नमस्ते म्हणायला शिकली होती. स्वयंपाक्याकडून मंगळवारी आणि शुक्रवारी डाळभात करून घेत होती, डाळ थोडी सूपसारखी व्हायची पण डाळच. आमा उजव्या हातानं जेवते, चमचा लावू नका, हे तिनं दारावर लिहून लावलं होतं. आंघोळ घालताना अंगावर लुगडं राहू द्यायचं, हेही तिनं स्वतः विचारून घेतलं. दुसऱ्या होममध्ये तुमच्या लोकांना सगळे नेपाळचे समजतात, भिंतीवर एव्हरेस्ट लावतात, ती हसून म्हणाली. मी मात्र नीट विचारलं. तुम्ही भूतानचे. आणि तिनं त्याचा हात धरून त्याला आमाच्या खोलीत नेलं.

पलंगासमोरची सबंध भिंत एका चित्रानं व्यापली होती. पांढऱ्या उंच भिंती, वर लाल पट्टा, सोनेरी कळसाचं छप्पर, समोर नदी आणि नदीवर लाकडी पूल. इंटरनेटवरून काढून मोठं छापून घेतलेलं. किती सुंदर आहे तुमचा देश, डोरीन म्हणाली. टंकनाथ म्हणाला, हो. तो जोङ होता, भूतानी गढी. त्यांच्या जिल्ह्याचा नव्हता, दुसराच कुठला तरी, पण सगळे सारखेच दिसतात आणि सारखेच दिसावेत म्हणूनच बांधलेले असतात. राजाचा कारभार तिथं, देव तिथं, कचेरी तिथं, कोठडी तिथं. दक्षिणेच्या उतारावरच्या आमच्यासारख्या माणसांना तिथं जायचं कारण दोनदाच पडायचं, सारा भरायला आणि बोलावणं आलं तर. डोरीननं विचारून विचारून, अगदी मनापासून, आमाच्या डोळ्यांसमोर चोवीस तास ती कचेरी टांगली होती. त्यानं हे तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलला नाही. बाई एवढी आनंदात होती, आणि सांगायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करायची, राजापासून की संत्र्यांपासून, हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की त्या रात्री तुलसा नऊ तास सलग झोपली.

बोलावणं आलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. बाबा त्याआधीच तीन महिने आत होते आणि सुटून आले ते एका पायानं लंगडत आणि तोंडानं मुके होऊन. मग नेपाळी बोलणाऱ्यांना देशातून घालवायचं ठरलं आणि एक दिवस सगळ्या वाडीला जोङात बोलावलं. लांब ओसरी, थंडगार फरशी, आणि दिवसभर उभं राहणं, एवढं त्याला स्वच्छ आठवतं. ओसरीच्या टोकाला टेबल, टेबलामागे दाशो, म्हणजे मोठा साहेब, खांद्यावर रुंद लाल पट्टा टाकलेला. शेजारी एक माणूस कॅमेरा घेऊन. कुटुंबामागून कुटुंब पुढं जात होतं, अंगठा उठवत होतं, कॅमेऱ्यासमोर उभं राहून काहीतरी बोलत होतं आणि बाजूला होत होतं. काय बोलायचं ते आधी शिकवलेलं होतं. काय होतं ते, टंकनाथला कितीही आठवून आठवत नव्हतं. बोलताना हसायचं होतं, ते आठवत होतं, कारण तो हसत नव्हता म्हणून आमानं त्याच्या दंडाला मागून चिमटा काढला होता, असा की चार दिवस काळानिळा राहिला. बाबांचं तोंड हलत होतं आणि आवाज येत नव्हता, मग बोलली ती आमाच. ती काय बोलली ते ऐकायला तो तिथं नव्हताच बहुतेक, त्याला कुणीतरी खांबाकडे नेलं होतं, किंवा त्याला मुतायला झालं होतं. संध्याकाळी ट्रक होता. आमाच्या मांडीवर बसून त्यानं बाग मागं जाताना पाहिली आणि त्याला ट्रकमध्ये बसायला मिळालं याचा आनंद झाला होता. हा आनंद त्यानं आजवर कुणाला सांगितला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात तो गेला तेव्हा आमा उभी होती. खोलीच्या मधोमध, शाल डोक्यावरून नीट घेऊन, दोन्ही हात पुढं जोडलेले, चित्राकडे तोंड. कधीपासून उभी आहे, त्यानं विचारलं. त्या उभ्याच राहतात, एक तरुण नर्स म्हणाली, आम्ही बसवतो, पाठ वळली की परत उभ्या. पण किती गोड आहेत. एवढ्या मजल्यावर यांचाच त्रास नाही. दिलं ते खातात, म्हटलं की झोपतात, आणि सदा हसतमुख. फोनवर काढलेले फोटोही तिनं दाखवले, आणि खरंच प्रत्येक फोटोत आमा हसत होती. सगळे दात दाखवून, डोळे कॅमेऱ्यावर रोखून. टंकनाथनं तो फोन परत दिला आणि म्हणाला, छान आलेत. घरी जाऊन त्यानं तुलसाला सांगितलं की आमाचं तिथं चांगलं जमलंय, सगळे म्हणतात गोड आहे. तुलसा भांडी घासत होती. आधी ती हसली. मग पाणी बंद करून म्हणाली, "आमा आणि गोड? मला एवढ्या वर्षांत एकदा गोड बोलली नाही. शिव्या द्यायची तेव्हा घरात असल्यासारखी तरी द्यायची." टंकनाथला राग आला. तुला परत आणायचीय का तिला, त्यानं विचारलं. तुलसानं परत पाणी सोडलं.

त्यानंतर तो कामावर असायचा, डब्यांची झाकणं पट्ट्यावरून समोरून सरकत असायची, आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत असायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. डोरीनला सांगितलं की बाई, ते हसू हसू नाही, तर ती काय म्हणेल? म्हणेल, मग त्या इथं सुखी नाहीत, मग आपण विचार करू या. विचार करू या म्हणजे घरी न्या. घरी नेलं की मधला दीड तास, आणि कडी तर आता लावता येणार नाही. नोकरी सोडावी तर पोरीचं कॉलेज तोंडावर. तुलसानं सोडावी म्हणावं तर ती सोडेल, एका शब्दानं सोडेल, आणि मग एक दिवस तीही भिंतीकडे तोंड करून उभी राहील. निदान चित्र काढायला सांगावं, एवढंच, हळूच. पण चित्र का, हे सांगितलं की बाकीचं सगळं त्याच्यामागून बाहेर येणार. त्यापेक्षा हसतेय तर हसू दे. माणसं खूश नसताना कशाला हसतील, हे डोरीनला सगळ्या जगात कुठंही खरंच वाटलं असतं. ते खरं नाही हे त्या मजल्यावर एकट्या टंकनाथला ठाऊक होतं, आणि तो गप्प होता. आमानं तोंडात कोंबलेला पदर त्यानं ओढून काढला होता तेव्हापासून जणू तो आपल्याच तोंडात धरून फिरतोय, असं त्याला वाटायचं. रात्री झोप लागायची ती मात्र गाढ, आणि सकाळी उठल्यावर त्या झोपेचीच त्याला शरम वाटायची.

महिना संपला. कायमचं ठेवायचं तर सही लागणार होती, ती त्याची चालली असती. कायद्यानं पुरे होतं. पण डोरीनला कायदा पुरा वाटत नव्हता. बाकीचे लोक मुलांकडून सही घेतात आणि मोकळे होतात, ती म्हणाली. मी नाही. ज्याचं आयुष्य त्याला विचारायला नको का? कळो न कळो, आपल्या भाषेत, आपल्या माणसाकडून एकदा विचारलं पाहिजे. फोनवरच्या दुभाष्याला आमा फक्त हजूर म्हणते हे तिनं टिपून ठेवलं होतं, म्हणून, टँक, तूच विचार. ती त्याला टँकच म्हणायची. त्याच्या मनात आलं, हिच्याइतकं कुणी आमाला आजवर काही विचारलेलं नाही. आणि ही विचारतेय तेच सगळ्यात वाईट होतंय.

दुपारची वेळ होती. आमा उभी होती, नेहमीच्या जागी. खिडकीतून तळ्यावरचा पांढरा उजेड येत होता आणि भिंतीवरचा जोङ त्या उजेडात अगदी खरा वाटत होता, पूल ओलांडून आत जावं इतका. डोरीन गुडघा दाबत खाली बसली, मांडीवर कागद. टंकनाथ आमाच्या समोर आला. कामावरून तसाच आल्यामुळे त्याच्या गळ्यात कारखान्याचा पट्टा होता, त्यावर फोटो आणि नाव. त्याला एकदम वाटलं, आता नाही तर कधीच नाही. "डोरीन," तो म्हणाला, "आधी ते चित्र काढा." ती गोंधळली. का, आवडलं नाही? त्यानं सांगितलं. कसं सांगितलं ते त्याला नंतर आठवेना, राजा आला, संत्री आली, बाबांचा पाय आला, सगळं उलटसुलट, मोडक्या इंग्रजीत, पण सांगितलं. डोरीनचा चेहरा पडला. ती उठली, खुर्चीवर चढली, अधू गुडघ्यानं, आणि वरची टोकं सोडवली. कागद खाली घसरला. ती रडत होती. मला कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणत होती, आणि त्याला हलकं वाटलं, महिन्याभरात पहिल्यांदा. एवढंच होतं, त्याला वाटलं. कागदाचीच चूक होती. आता आमा बसेल, आता ती कुणाला तरी शिवी देईल.

आमा बसली नाही. तिनं कागद खाली पडताना पाहिलासुद्धा नाही. तिचं तोंड आता भिंतीकडे नव्हतंच मुळी. ती टंकनाथकडे बघत होती, त्याच्या छातीवरच्या पट्ट्याकडे, आणि मग वर, त्याच्या डोळ्यांत. हात जोडलेले. हसू तेच.

"आमा," तो म्हणाला, "इथं राहशील का? कायमची?"

"हो, दाशो," आमा म्हणाली. आवाज स्वच्छ होता, तरुण बाईसारखा. "आम्ही आमच्या राजीखुशीनं जातोय. आम्हाला कुणी जबरदस्ती केलेली नाही. सरकारचे आमच्यावर फार उपकार आहेत."

म्हणजे हे शब्द होते. त्याच्या दंडावरची ती जागा दुखली. डोरीन डोळे पुसत विचारत होती, काय म्हणाल्या? तिनं पुन्हा विचारलं. शेवटी त्यानं शब्दाला शब्द लावून सांगितलं, कारण त्याला दुसरं काही सुचेना, आणि तुलसाचं डुलकी घेणारं डोकं त्याच्या डोळ्यांसमोर होतं, आणि मधला तो दीड तास होता. "म्हणते, ती आपल्या खुशीनं जातेय. तिच्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही." डोरीननं मान अर्धवटच हलवली, तरी कागदावर तिनं लिहायला घेतलं.

आमा एक पाऊल पुढं आली. हसू गेलं होतं. आता ती हळू आवाजात बोलली, शेजारच्याला ऐकू जाऊ नये अशी.

"दाशो, एक विनंती होती. धाकट्याचं नाव तुमच्या कागदात नाही. त्याला ठेवून जा म्हणतात तुमची माणसं. नऊ वर्षांचा आहे हो. खांबाशी उभं केलंय त्याला. मी अंगठा दिला, मी हसले, तुम्ही म्हणाल ते बोलले. तेवढं पोर मला नेऊ द्या."

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बाबांनी नाही, भावांनी नाही, अठरा वर्षं एका गोणपाटाआड झोपून आमानंही नाही. ट्रकमध्ये तिच्या मांडीवर तो बसला होता आणि त्याला मजा वाटली होती. त्यानं तोंड उघडलं, आमा, मीच तो, असं म्हणायला, आणि ती ज्या नजरेनं त्याच्याकडे बघत होती तिच्यात तो कुठंच नव्हता. तिथं फक्त एक मोठा माणूस होता ज्याच्या हातात सगळं होतं.

"ने," टंकनाथ म्हणाला. "घेऊन जा त्याला."

आमानं वाकून त्याच्या पायांना हात लावला, तो मागं सरकायच्या आत. मग ती घाईघाईनं वळली. कान्छा, तिनं हाक मारली, दबक्या आवाजात, कान्छा, चल, सोडलं रे आपल्याला. तिनं दारामागं पाहिलं. कपाट उघडून कपडे बाजूला सारले. पडदा हलवला. मग गुडघ्यांवर बसून पलंगाखाली वाकली आणि अंधारात हात फिरवू लागली.

"काय शोधतायत त्या?" डोरीननं विचारलं.

"मला," टंकनाथ म्हणाला.